गोपनीय यादी

कुंभारीच्या कामगार वसाहतीत दुपारी पाणी आलं होतं. पिंकी घागरी भरत होती आणि थोरली विजयमाला उंबऱ्यात बसून मोबाइलवर मेल वाचत होती. सोलापुरातल्या तिच्या विधी महाविद्यालयाचं नियतकालिक विद्यार्थीच चालवत. बालविवाहावरचा तिचा लेख त्यांनी परत पाठवला होता. ‘मांडणी उत्तम. प्रत्यक्ष उदाहरण नाही. आठ दिवसांत भर घालावी.’

उदाहरण समोर घागर उचलत होतं. पिंकी पंधरा वर्षांची, नववीतली. चोवीस मेला चुलतबहिणीच्या मांडवात तिचंही उरकायचं ठरलं होतं. एका जेवणावळीत दोन पोरी उजवायच्या, ही घरची रीत. लग्नाआधी दोन दिवस ग्रामसेवकाकडे तक्रार द्यायची, असं विजयमालानं ठरवलं होतं. त्याआधी कुणकुण लागली तर घरचे तारीखच बदलतील.

तिनं गावाची, माणसांची नावं बदलून हे लग्न लेखात घातलं. लेख तपासणाऱ्यांना लेखकाचं नाव कळू द्यायचं नाही, असा नियम होता. मुलाखत दिलेल्यांची खरी नावं आणि फोन नंबर मात्र संपादकाला वेगळ्या यादीत द्यावे लागत. यादीच्या माथ्यावर ‘गोपनीय’ असं छापलेलं होतं. रकाना रिकामा ठेवला तर लेख पुढं सरकत नसे. लग्नाची माहिती आईनं दिलेली, म्हणून तिच्या नावापुढं विजयमालानं घरचा नंबर भरला आणि परीक्षेसाठी शहरातल्या वसतिगृहात गेली. घरचा तो एकच फोन वडिलांच्या, शहाजीच्या खिशात असे.

शेवटचा पेपर देऊन ती परतली, तेव्हा खुंटीवर पिंकीचं दप्तर होतं. पिंकी नव्हती. शहाजी चहा पीत होता.

“पिंकी कुटंय?”

“सासरी. परवा लावलं, माढ्याकडं, देवळात. पंधरा मान्सं हुती.”

“चोवीस तारीख...”

“तुज्याच कालिजातल्या सायबाचा फोन आला की. लई गोड बोलला. धाकटीचं लगीन चोवीसलाच ना, वय पंधराच ना, म्हनला. म्या म्हनलं, व्हय. कशापायी इचारतासा? तर म्हनला, लेखात हाय.” तो हसला. “घरात वकील असल्यावर बापानं बी जरा डोस्कं चालवाया पायजे की न्हाय?”

आई चुलीकडून उठली नाही.

“रडली का ती?”

“तुला हाका मारत हुती. म्हनलं, तायडीमुळंच लवकर करावं लागलं बाई.”

संपादक पृथ्वीराज शेवटच्या वर्षाला होता. काटेकोरपणाबद्दल प्राध्यापक त्याचं कौतुक करत. दुसऱ्या दिवशी सकाळीच विजयमाला त्याच्यापुढं उभी राहिली.

“अभिनंदन! लेख स्वीकारलाय. मी स्वतः फोन करून खात्री केली.”

“तुझ्या फोननंतर तिचं लग्न लावून टाकलं.”

त्यानं कागद चाळले. “मग पान नऊ बदलावं लागेल. उदाहरण उलट भक्कमच झालं, नाही का?”

“लेख मागे घेतेय मी. आणि तुझा जबाब लागेल. फोन कधी केलास, काय विचारलंस.”

“पोलिसांत? अगं, नियमानंच केलं मी सगळं. अंकाचं नाव मध्ये आणू नकोस हं.”

तासाभरानं ती ठाण्यात बसली होती. टेबलावर पिंकीचा शाळेचा दाखला होता.

“आरोपीचं नाव?” महिला हवालदारानं विचारलं.

“शहाजी कोंडीबा लोंढे. माझे वडील.”

हवालदारानं वर पाहिलं, मग लिहिलं. नवरा, सासरा, लग्न लावणारा पुजारी, हजर असलेले नातेवाईक. विजयमाला एकेक खरं नाव सांगत गेली.

“लग्न ठरल्याचं तुला कधीपासनं ठावं हुतं?”

“तीन आठवड्यांपासून.”

पेन थांबलं. “मग तवाच का न्हाई आलीस, बाई?”

“लेख लिहीत होते,” विजयमाला म्हणाली. “हेही लिहा.”