तीन जिवांचा पट्टा

प्रूडन्सने चमचा पुढे केला तशी डॉर्कसने ओठ घट्ट मिटले.

“आधी तू पी.”

“जवाचं कढण आहे. त्यात काय असणार?”

“तेच म्हणते मी. आधी तू पी.”

प्रूडन्सने चमचा स्वतःच्या तोंडात घातला, घोट गिळला आणि तोंड उघडून दाखवलं. डॉर्कस उशीवरून निरखून बघत राहिली. मग उपकार केल्यासारखं तिने तोंड उघडलं.

माळावरच्या झोपडीत ती तीन दिवस तापाने पडली होती. काल दुपारी गाडीत पेंढा पसरून प्रूडन्स तिला लँगकूमला, आपल्या घरी, घेऊन आली. गाडी गावातून गेली तेव्हा बायका दारात आल्या, पण ‘भलं केलंस हो’ असं कोणी म्हणालं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. लँगकूमची तीस एकर जमीन, सफरचंदाची बाग, गोठा आणि हे घर या बाईच्या श्वासावर टांगलेलं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी प्रूडन्सचा सासरा सायमन टॅपस्कॉट याने ही जमीन तीन जिवांच्या पट्ट्याने घेतली होती. पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची. त्यातला एक जरी जीव असला तरी जमीन कुळाकडे; शेवटचा गेला की त्याच दिवशी ती मालकाकडे परत. सायमनने पहिलं नाव स्वतःचं घातलं, दुसरं आपल्या मुलाचं, अ‍ॅम्ब्रोजचं. तिसरं घातलं ते गोठ्यात दूध काढणाऱ्या थॉमझिन यो हिच्या सहा वर्षांच्या थोरल्या पोरीचं, डॉर्कसचं. पोर धट्टीकट्टी आहे, पुष्कळ जगेल, असं तो सांगायचा. दुसऱ्याच्या पोराचं नाव घालणं तसं नवलाचं नव्हतं. सायमन जाऊन सतरा वर्षं झाली होती. अ‍ॅम्ब्रोज या मार्चमध्ये छातीच्या दुखण्याने गेला. पट्ट्यात एखादं नवं नाव घालून द्या, म्हणून प्रूडन्स मालकांच्या कचेरीत दोनदा जाऊन आली. कारभारी हॅलेट दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाला. शेजारचा बिडगुड मात्र बांधावर उभा राहून, मधलं कुंपण कुठून काढायचं ते आपल्या गड्यांना दाखवायलाही लागला होता.

“उशी जरा वर घे,” डॉर्कस म्हणाली. “आणि ती खिडकी लाव. मला थंडी बाधली तर तुझंच नुकसान.”

प्रूडन्सने खिडकी लावली.

बावीस वर्षांच्या संसारात ही बाई या घरात कधी आली नव्हती, आणि तरीही ती कायम इथेच होती. दर वर्षी सप्टेंबर सरताना अ‍ॅम्ब्रोज खारवलेल्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा आणि लोकरीचं कापड घेऊन माळावर जायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रूडन्सने विचारलं होतं. तो बुटाचे बंद सोडत म्हणाला, “बापाची आज्ञा आहे.” पुढे बाप गेला, आज्ञा मात्र राहिली. प्रूडन्सने पुन्हा विचारलं नाही. तो गेला की ती दारात बसून वाटाणे सोलायची आणि सावली कुठून कुठवर सरकली ते बघायची.

चर्चच्या आवारातही असंच एक कोडं होतं. गोरगरिबांच्या थडग्यांवर नुसतं गवत, पण डॉर्कसच्या धाकट्या बहिणीच्या डोक्याशी कोरीव पाटीचा दगड होता. ‘रूथ यो, वय सात.’ दगडाचा खर्च सायमनने केला होता. स्वतःच्या मेलेल्या तीन मुलांसाठी ज्याने लाकडाची फळीसुद्धा रोवली नाही, त्याने दूधवालीच्या पोरीसाठी दगड बसवावा, याचा गाव एकच अर्थ लावायचं. प्रूडन्सही तोच लावत आली होती. सासरा तसा आणि नवराही तसाच.

मंगळवारी कचेरीतला माणूस दारातूनच सांगून गेला. कारभारी गुरुवारी सकाळी येणार. पट्ट्यातला जीव ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि त्याच्याच तोंडून जबानी घेणार.

“बाजारातली गाय बघतात तसं?” डॉर्कसने विचारलं. “दात दाखवायचे का मी?”

“नाव विचारतील. वय विचारतील. एवढंच.”

“एवढंच?” डॉर्कस हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत प्रूडन्सने तिच्या पाठीखाली हात धरला. एवढ्या जवळून तिने हा चेहरा कधी बघितला नव्हता. देवीच्या व्रणांनी तो कपाळापासून हनुवटीपर्यंत भरला होता. या चेहऱ्यासाठी अ‍ॅम्ब्रोज माळ चढून जायचा?

“काय बघतेस, मालकीणबाई?”

“एक विचारायचंय.”

“विचार. बावीस वर्षं विचारायचं ठेवलंयस. रस्त्यात दिसलीस की तुझं तोंडच सांगायचं.”

“तो तुझ्याकडं का यायचा?”

डॉर्कसने पांघरुणाचा काठ बोटांत धरला आणि त्याची घडी घालायला लागली. घडी मोडली, पुन्हा घातली.

“दार ओढून घे,” ती म्हणाली.

प्रूडन्सने दार ओढलं.

“देवी आल्या तेव्हा आम्ही दोघी बहिणी एकाच अंथरुणात होतो. मी सात वर्षांची, ती नऊ. सकाळी जाग आली तर आई आणि तुझा सासरा पायाशी उभे. बहीण माझ्याशेजारीच होती, पण थंड. सायमन आईला म्हणाला, ‘गेली ती धाकटी. कळलं का? धाकटी गेली.’ मग त्यानं माझ्याकडं वाकून विचारलं, ‘तुझं नाव काय पोरी?’ मी सांगितलं, रूथ. त्यानं मान हलवली आणि परत विचारलं. मी परत रूथ. तिसऱ्या वेळी आईनं माझ्या थोबाडीत दिली. अंगभर फोड होते माझ्या. चौथ्या वेळी मी डॉर्कस म्हणाले.”

प्रूडन्स पलंगाच्या कडेवर बसली.

“वर्षभर आईनं मला कोणाच्या नजरेस पडू दिलं नाही. बाहेर आले तेव्हा तोंड हे असं. कोण ओळखणार होतं? सायमननं दगड बसवला, कोणी शंका काढली तर दाखवायला. आणि आमची झोपडी, मांस, कापड, सगळं त्याबद्दलच. अ‍ॅम्ब्रोज दारातच उभा राहायचा. सामान ठेवायचा, जायचा. तो कधी आत आला नाही गं. त्याला माझं तोंड बघवायचं नाही.”

“म्हणजे पट्टा...”

“चाळीस वर्षांपूर्वी तीनातला एक जीव गेला. अ‍ॅम्ब्रोज मार्चमध्ये गेला, त्याच दिवशी सगळं संपलं. तुझी जमीन मेलेल्या पोरीच्या नावावर उभी आहे.”

बाहेर बागेत सफरचंदं गोळा करणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या. प्रूडन्सने आवाज खाली आणला.

“हे आत्ता का सांगतेस? काय पाहिजे तुला? मांस? वाटा पाहिजे?”

“बघ, लगेच.” डॉर्कसने डोळे मिटले. “तो गुरुवारी मला नाव विचारणार. त्या दिवसानंतर मला कोणी नाव विचारलेलंच नाही.”

एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. ती काय सांगणार आहे, हे तिने सांगितलं नाही.

बुधवारभर प्रूडन्स कामात होती, पण कान त्या खोलीकडे. बिडगुडची बायको क्रीमचा वाडगा घेऊन आली आणि आजाऱ्याला भेटते म्हणाली. प्रूडन्सने वाडगा दारातच घेतला, तिला आत सोडलं नाही, आणि ती गेल्यावर वाडगा डुकरांपुढे ओतला. दुपारी तिला वाटलं, ही बाई खोटं बोलत असेल. काही उकळायचं म्हणून गोष्ट रचली असेल. ती चर्चच्या आवारात जाऊन दगडासमोर उभी राहिली. अक्षरं खोल होती, दुरूनही वाचता यावीत इतकी. दुःखाने कोणी एवढी खोल अक्षरं कोरून घेत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ती परत फिरली.

गुरुवारी पहाटे तिने तुळईला टांगलेली अफूची वाळलेली बोंडं काढली. दातदुखीला दोन उकळायची रीत होती. तिने सहा घेतली. झोपलेल्या माणसाची जबानी कशी घेणार? श्वास चाललेला दिसेल, चेहरा दिसेल, नाव ती स्वतः सांगेल. काढा गाळून, मध घालून तिने कप खोलीत नेला.

डॉर्कस जागी होती. तिने कपाकडे बघितलं, मग प्रूडन्सकडे. “आधी तू पी” असं ती या वेळी म्हणाली नाही. हात पुढे करून तिने कप घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून बसली.

“यानं त्रास होईल का?” तिने विचारलं. “की नुसती झोप?”

गाडीचा आवाज अजून रस्त्यावर नव्हता. डॉर्कसने कप ओठाशी नेला, तसा प्रूडन्सने तो तिच्या हातातून ओढून घेतला. थोडा काढा पांघरुणावर सांडला. उरलेला तिने चुलीच्या राखेत ओतला, आणि परत येऊन डॉर्कसचे केस विंचरायला बसली. स्वतःची रविवारची टोपी तिने तिच्या डोक्यावर बांधली.

“काय सांगायचं ते सांग,” गाठ मारताना ती म्हणाली.

हॅलेट नऊच्या सुमाराला आला. उंच, सर्दी झालेला माणूस. खुर्ची त्याने खिडकीजवळ ओढली, म्हणजे उजेड पलंगावर पडेल. मांडीवर कागद उलगडला.

“टॅपस्कॉटबाई, तुम्ही मधे बोलायचं नाही.” मग पलंगाकडे बघत, “नाव?”

डॉर्कसने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. प्रूडन्स पलंगाच्या पायाशी उभी होती. तिने नजर जमिनीवर ठेवली.

“बाई, नाव विचारलं मी.”

“गावात मला डॉर्कस म्हणतात.”

“गाव काय म्हणतं ते विचारलं नाही. तुझं नाव?”

“लिहा,” ती म्हणाली. “डॉर्कस यो.”

हॅलेटने लिहिलं नाही.

“पाद्रीसाहेबांच्या वहीत थॉमझिन यो हिच्या दोन मुली आहेत. दोघींत दोन वर्षांचं अंतर. एक पुरलेली आहे. कोण पुरलंय तिथं?”

“माझी बहीण.”

“तिचं नाव?”

“दगडावर आहे की. तुम्हाला वाचता येतं ना?”

हॅलेटने नाक पुसलं. “दगडाचंच विचारतोय मी. दूध काढणाऱ्या बाईच्या पोरीला सायमन टॅपस्कॉटनं दगड का बसवावा? ते पोर गेल्याचं गावाला ठासून सांगायची त्याला एवढी काय गरज पडली?”

डॉर्कसचा हात पांघरुणावर घडी शोधत फिरत होता.

“कारण ती पोर त्यांची होती,” प्रूडन्स म्हणाली.

“तुम्हाला मधे...”

“माझ्या सासऱ्यांची. थॉमझिनपासून झालेली. कोणालाही विचारा गावात, हसून सांगतील. माझ्याच तोंडून ऐकायचं होतं ना तुम्हाला? ऐका मग.”

तिचा चेहरा लाल झाला होता आणि ते सोंग नव्हतं. हॅलेटने तिच्याकडे बघितलं, मग डॉर्कसकडे, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आपल्याला हवं ते कळलं, अशा समाधानाने त्याने मान डोलावली. असल्या गोष्टीवर त्याचा चटकन विश्वास बसला. त्याने दोन ओळी लिहिल्या, डॉर्कसला सहीऐवजी फुलीची खूण करायला लावली. जाताना दारात तो म्हणाला, “तब्येत जपा हिची. दर वर्षी येईन मी.”

गाडी दूर गेली.

“खरं होतं ते?” डॉर्कसने विचारलं. “मी त्याची होते?”

“तुझी आई कधी काही बोलली नाही?”

“नाही.”

“मग मला कुठून माहीत असणार?”

डॉर्कसने तिच्याकडे संशयाने बघितलं. ही आपल्याशी खरं बोलतेय की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि प्रूडन्सलाही ते पटवून देता येईना.

ताप आठवड्याने उतरला. माळावर परत जायचं कोणीच काढलं नाही. सफरचंदांचा रस पिंपांत भरून झाला, पहिलं धुकं पडलं, आणि डॉर्कस चुलीपाशी बसून भाज्या चिरू लागली. दोघींचं बोलणं कामापुरतं होई. रात्री दोघी आपापल्या खोलीला आतून कडी लावत.

डिसेंबरात एका दुपारी प्रूडन्स पीठ मळत होती. अंगणात कोणी नव्हतं, तिने आधी वाकून बघून घेतलं. मग हात न थांबवता, साध्या आवाजात तिने हाक मारली.

“रूथ, जरा मीठ दे गं.”

चुलीपाशी बसलेली बाई सुरीने गाजर चिरत राहिली.

“रूथ.”

सुरी थांबली. तिने मान वळवली आणि मागे दाराकडे बघितलं, कोण आलंय ते.