कसला वास?

मी एक डावा बूट बोलतोय. उजव्याची चौकशी करू नका, तो कधी झालाच नाही. खेळाच्या बुटाचा नवा नमुना करताना एकाच पायाचा करतात; पसंत पडला तर मग जोड्या. त्यामुळे मी जन्मापासून एकटा, आणि खरं सांगायचं तर जरा चिडकाच.

माझा सोल चिकटवला माईने. बावीस वर्षं ती त्याच टेबलाशी उभी होती. ब्रश गोंदात बुडवायचा, कडेकडेने फिरवायचा आणि अंगठ्याने दाबत जायचं. तसे हात मला पुन्हा लाभले नाहीत. आठवण आली की आजही जीव कासावीस होतो.

ज्या कंपनीचं नाव माझ्या अंगावर आहे, तिने आपले बूट बनवणाऱ्या कारखान्यांसाठी नियम करायला घेतले होते. कामगारांना त्रास काय होतो, नाल्यात काय सोडता, सगळं विचारायला तपासणीच्या बाई येणार होत्या. आदल्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांना पढवलं. "काही विचारलं की म्हणायचं, सगळं व्यवस्थित आहे. आणि मास्क लावा."

"मास्क लावून बोलू कशी?" माई म्हणाली. सुपरवायझर सोडून सगळे हसले.

बाई आल्या तेव्हा मी माईच्या हातात होतो, सोल लागायचा बाकी होता. त्यांनी यादीतला प्रश्न वाचला, "गोंदाच्या वासाचा त्रास होतो का?"

"वास? कसला वास?"

सुपरवायझरची कळी खुलली. त्याला वाटलं, माईने पढवलेलं चोख म्हणून दाखवलं. पण माई खोटं बोलतच नव्हती. बाईंच्या मात्र नाकाला रुमाल होता आणि डोळे चुरचुरत होते. 'नाही'च्या चौकटीत खूण करता करता त्यांचं पेन थांबलं.

"माई, सकाळी चहाचा वास येतो?"

माईने जरा आठवून पाहिलं. "नाही बाई. दूध करपलं तरी लेक ओरडते तेव्हा कळतं." मग हळूच म्हणाली, "तिला महिन्यापूर्वी बाळ झालं. सगळ्या म्हणतात, काय गोड वास येतो बाळाला. मी आपली हो ला हो म्हणते."

बाईंनी तो प्रश्नच खोडला. नव्या नियमात लिहिलं गेलं की कामगाराला नुसतं विचारायचं नाही, डॉक्टरकडून नाक तपासून घ्यायचं. आणि तो गोंद बंद, पाण्यातला गोंद वापरायचा. कारखान्याचे मालक कुरकुरले, असल्या गोंदाने काही धरत नाही म्हणाले. पहिला प्रयोग माझ्यावर झाला. दोनदा माझा सोल उचकटला, आणि दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्यांदा माईने दाबून धरला, तो आजवर सुटलेला नाही.

आता मी कंपनीच्या कचेरीत, काचेच्या कपाटात असतो. पाहुणे आले की मला बाहेर काढतात. माणसांची सवयच आहे, नवा बूट आधी नाकाला लावतात. माझ्याजवळ तो नवेपणाचा वास नाही, म्हणून बिचारे हिरमुसतात. मी प्रत्येक हातात माईचा अंगठा शोधत राहतो.

परवा तपासणीच्या बाई कपाटापुढे उभ्या राहून एका सहकाऱ्याशी बोलत होत्या. माई आता पॅकिंगला आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, कदाचित नाहीही. त्यावर माईने बाईंना एवढंच विचारलं, "बाळाचा तो वास किती महिने राहतो हो?"

तुम्हाला ठाऊक असेल तर तिला कळवा. जरा लवकर कळवा, बाळ रांगायला लागलंय.