झाकणाखाली उडालेलं तेल

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, पण तिची गाठ अजून जिवंत आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पुढच्या दोघींनी बाकच बदलला. आता मी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं थांबवलंय, त्यामुळे त्यांचं नुकसान.

ऑपरेशनच्या आधी आईने सही केली होती, गाठ संशोधनाला घ्या म्हणून. तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, कुप्यांत गोठवल्या गेल्या. माझी मावशी तिथेच काम करते. वनस्पतींचे अर्क आणि सुगंधी तेलं कॅन्सरच्या पेशी मारतात का, हे तपासायचं तिचं काम. पेशींना नाव नसतं, नंबर असतो. आईचा नंबर कुठला, हे मावशीच्या पोटातून काढायला मला तीन दिवस लागले.

कुपी एकच उरली होती. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या प्रमुख, म्हणाल्या होत्या की या वेळी निकाल आला तर ठीक, नाहीतर हा नंबर बंद. मला निकाल हवा होता. ज्यांनी आईला खाल्लं त्या पेशी मेलेल्या बघायच्या होत्या, डोळ्यांनी.

सुट्टीच्या दिवशी मावशी मला घेऊन गेली.

"हात कशाला लावायचा नाही. आणि प्रश्न तासाला दोन."

"उरलेले?"

"लोणचं घाल त्यांचं."

उबदार कपाटातून तिने तळहाताएवढी प्लास्टिकची थाळी काढली. तिच्यात शहाण्णव इवले खळगे. दोन दिवसांपूर्वी तिने काहींत पेशी आणि तेल घातलं होतं, तर काहींत नुसत्या पेशी, तुलनेला. त्यांना ती कोऱ्या म्हणते. झाकण उचललं आणि निलगिरीचा वास आला. खोलीत पंख्याची घरघर होती. आईच्या शेवटच्या खोलीत होती तशीच. मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

मावशीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तेलातल्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या.

"मेल्या?"

"मेल्या."

मला नाचावंसं वाटलं. मग तिने थाळी थोडी सरकवली.

"या कोऱ्या," ती म्हणाली.

त्याही तरंगत होत्या. तेलाचा थेंबही न पडलेल्या खळग्यांत सगळ्या मेलेल्या.

"यांना कुणी मारलं?"

"मी." तिने हातमोजे काढले. "हे तेल उडतं. झाकणाखालून शेजारच्या खळग्यांत जातं. मध्ये रांगा मोकळ्या सोडायच्या असतात. पेशी थोड्या होत्या म्हणून मी सगळं खेटून घातलं. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय हे, आणि आपल्याच ताईच्या वेळी शेण खाल्लं."

"पण मेल्या ना? मग झालं की."

"कोऱ्याच मेल्या तर तेलाने मारल्या की माझ्या हाताने, कसं सांगायचं? निकाल नाही."

म्हणजे नंबर बंद. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मावशीने थाळी पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत सरकवली आणि पुटपुटली, "पेशींचा उरलेला थेंब फेकवेना म्हणून इथे टाकला होता. बघ."

मी डोळा लावला. तिथे वासही पोचला नव्हता. पेशी तळाला चिकटून पसरल्या होत्या, एकमेकींना टेकून, आणि एक तर मधोमध आवळून दोन होत होती. माझ्यासमोर.

"बाई मला विचारतील, वाढवायच्या की ब्लीचमध्ये टाकून मारायच्या," मावशी म्हणाली. "तूच सांग."

"एवढ्याशा वाढतील?"

"वाढतील. तीच तर खोड आहे त्यांची."

"वाढव."

तिने माझ्याकडे पाहिलं. "ती आई नाही, राणी. गाठ आहे ती."

"माहितीये मला."

"मग हसू नकोस अशी."

मी हसत होते हे मला कळलंच नव्हतं. मावशी मोठ्या बाईंना सांगायला गेली. मी पुन्हा डोळा लावला. आता तिथे दोघी होत्या.