पहिलं 'नको'

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. रत्नागिरीच्या बंदरावर एका मच्छीमार सोसायटीत माझा मुक्काम. खाऱ्या वाऱ्याने माझं एस्केपचं बटण कधीच निकामी झालं. पण थांबा, आज रडगाणं नाही! आज माझी छाती फुगली आहे, आणि का ते ऐका.

आमच्या सोनूबाई इथून सगळ्या होड्यांना मोबाईलवर निरोप धाडतात. त्यासाठी त्यांची भाची मृणाली हिने काळ्या पडद्यावर चालणारा एक प्रोग्राम बनवला. चुकीचा निरोप सुटलाच तर अर्ध्यावर थांबवायला एखादं बटण हवं. एस्केप तर मुका! म्हणून तिने कंट्रोल आणि सी ही जोडी नेमली. ती दोघं काय मिरवायला लागली म्हणून सांगू!

पहिल्याच चाचणीत फजिती झाली. निरोप चालले होते, तेवढ्यात सोनूबाईंनी एका होडीचं नाव कॉपी करायला सवयीने तीच जोडी दाबली. सगळे निरोप जागच्या जागी बंद!

"अगो, मी कॉपी करीत होते!" त्या ओरडल्या. "माझा बाबल्या समुद्रात असताना असं झालं तर गो?"

बाबल्या त्यांचा एकुलता एक मुलगा.

मग मृणालीने 'नको'साठी माझं एन बटण निवडलं. सोनूबाई हसायलाच लागल्या. "पहिलं नको कोण खरं धरतं? पाव्हणा चहाला नको म्हणतो, म्हणून आपण आधण उतरवतो काय? दुसऱ्यांदा विचारायचं!"

"मावशी, एक नंबर!" मृणालीने टाळी दिली. ठरलं! एन एकदा दाबलं की पडदा विचारणार, 'नक्की नको?' पुन्हा एन दाबलं तरच रद्द. दुसरं काहीही दाबलं तर निरोप पुढे चालू.

गेल्या मंगळवारी दुपारी वादळाचा इशारा आला. सोनूबाईंची बोटं माझ्यावर धावली, 'मोठा वारा येतोय, लगेच मागे फिरा.' निरोप जाऊ लागले आणि घाईघाईत त्यांची बांगडी एनवर आपटली. बाबल्याच्या होडीचा नंबर अजून यायचा होता. पण पडद्याने विचारलं, 'नक्की नको?'

"मेल्या, नको कसलं? जाऊ दे!" म्हणत त्यांनी एंटर हाणला.

वारा उठायच्या आत बाबल्या दारात हजर. "आये, निरोप मिळाला म्हणून वळलो."

सोनूबाईंनी आधी त्याला धपाटा घातला, मग रडल्या, आणि मग माझ्यावरून पदर फिरवला. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

आता माझं एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्यांना अधूनमधून पुसत जा, खारी हवा बाधते. आणि चहाचा कप माझ्या डोक्यावर धरू नका. मला चहा नको. माझं मात्र पहिलंच 'नको' खरं धरा!