माझी चकाकी आणि तिचा श्वास

मी एक जुने लाकडी कपाट आहे. दोन दारे, चार फळ्या आणि तळाशी एक ओढायचा खण, एवढाच माझा संसार. चाळीस वर्षे मी एकाच खोलीत भिंतीला पाठ लावून उभे आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की उभ्या उभ्या आयुष्य काढणाऱ्याने काय पाहिले असेल! पण मला जिने घडवले, तिच्याच खोलीत मी राहिले, आणि तिच्याकडे पाहता पाहता माणूस ही काय चीज आहे ते मला कळले.

ती सुतारकामाच्या कारखान्यात कामाला होती. साऱ्या कारखान्यात बाई अशी ती एकटीच. सगळे तिला मिस्त्रीण म्हणत. सुरुवातीला चेष्टेने म्हणत, पण तिने जोडलेले सांधे पाहिल्यावर मानाने म्हणू लागले. नवे घर झाले तेव्हा तिने अकरा रविवार खपून मला बनवले. माझ्या अंगात एकही खिळा नाही. खाचेत खाच अशी बसवली आहे की आजही त्या फटीत कागदाचे टोक शिरत नाही.

मग आले पॉलिश. कारखान्यातला पॉलिशवाला तिच्या मदतीला आला होता. धूळ बसू नये म्हणून दोघांनी दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. तोंडाला साधे रुमाल बांधले. खोलीत थिनरचा असा भपकारा सुटला की दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"झोंबतोय म्हणजे माल अस्सल आहे," पॉलिशवाला हसत म्हणाला.

मिस्त्रीणही हसली आणि हसता हसता खोकू लागली. तो खोकला बराच वेळ थांबला नाही. मी मात्र आरशासारखे चमकत होते. शेजारीपाजारी मला पाहायला आले, माझ्यावरून हात फिरवून गेले. मला फार अभिमान वाटला. मित्रांनो, तो अभिमान पुढे मला वर्षानुवर्षे टोचत राहिला.

दोष एकट्या माझा नव्हता. तिने माझ्यासारखी शेकडो कपाटे घडवली, त्यांचा भुसा आणि त्यांची वाफ रोज छातीत घेतली. शेवटी दम्याने तिला कारखाना सोडायला लावला. दोन जिने चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची. मला वाटायचे, हिचा श्वास आपल्यावर चढवला आहे, म्हणून आपण चमकतो.

मग माझीही चमक गेली. पॉलिश पिवळे पडून चिकट झाले, कडांचे पापुद्रे निघू लागले आणि ओलसर भिंतीमुळे पाठीवर बुरशी धरली. डॉक्टरांनी सांगितले, या खोलीत बुरशी नको. मुलगा म्हणाला, "आई, आता हे कपाट काढूया. लोखंडी आणू, कटकट नाही."

 मिस्त्रिणीने माझ्या दाराच्या कोपऱ्यावर बोट टेकवले.

सून दवाखान्यात परिचारिका होती. तिची नजर त्या बोटावर गेली. "काढायचं कशाला?" ती म्हणाली. "बुरशी खरवडू आणि नव्यानं पॉलिश करू. फक्त आईंना सोसेल असा माल शोधायचा."

आठ दिवसांनी तोच पॉलिशवाला आला. केस पिकले होते, पण चाल तीच. पिशवीतून त्याने हाताएवढ्या पाच फळ्या काढल्या. प्रत्येकीवर वेगळा माल स्प्रेने मारलेला, पाठीमागे क्रमांक लिहिलेला.

"काका, यातला कमी वासाचा कुठला?" सुनेने विचारले.

"ते मला नका विचारू, पोरी," तो म्हणाला. "मला वास येणं बंद होऊन बारा वर्षं झाली. दूध करपलं तरी कळत नाही."

 मिस्त्रीण त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझं नाक गेलं, माझा दम गेला. दोघांत मिळून एक माणूस तरी होईल. वास मी घेते."

"आई, तुमच्या छातीवर प्रयोग नको," सून म्हणाली.

"मग उद्या सगळं कपाटच माझ्या उशाशी आणून ठेवाल, तेव्हा कळेल का?"

सुनेने मान्य केले. पण तिने अटी घातल्या. फळ्या आठवडाभर उघड्यावर वाळतील, मग एकेक झाकणाच्या डब्यात बंद राहील. दिवसाला एकच डबा उघडायचा, तोही खिडकीशी, आणि औषधाचा पंप हाताशी ठेवून. आधी आणि नंतर मिस्त्रिणीने श्वासाचा जोर मोजणाऱ्या छोट्या नळीत जोराने फुंकायचे; आकडा घसरला की दम वाढला.

पहिली आणि चौथी फळी झाकण उघडताच बाद झाली. दुसरीचा वास हलका होता आणि आकडा हलला नाही. तिसरीला तर झोंबणारा वासच नव्हता, उलट थोडासा गोड सुवास होता. सगळे खूश झाले. पाव तासाने मिस्त्रिणीने नळीत फुंकले तर तीनशेचा आकडा दोनशे तीसवर आलेला. सुनेने डबा अंगणात नेला, पंप दिला, पाठीवर हात ठेवून बसली.  पाय असते तर मीच घराबाहेर गेले असते.

श्वास परतल्यावर मिस्त्रीण म्हणाली, "नाकाला काही कळलं नाही गं. छातीला कळलं."

"म्हणजे वास नुसता झाकलाय," सून म्हणाली. "वाफ तशीच आहे."

पाचवीच्या दिवशी सुनेने पंप हातातच धरून ठेवला होता, पण आकडा तीनशेवरच राहिला. उरलेल्या दोन्ही फळ्यांवरचा माल पाण्यात कालवायचा होता. त्याला थिनर लागत नव्हते. आता टिकाऊपणा पाहायचा होता आणि ते काम पॉलिशवाल्याचे. त्याने दोन्हींवर गरम पेला ठेवला, तेल सांडले, लिंबू पिळले, ओले फडके दिवसभर पसरून ठेवले. दुसरीवर पांढरे वळे उमटले, पाचवीवर डाग नाही. पाचवीवर त्याने पात्याने बारीक चौकटी पाडल्या, वर चिकटपट्टी दाबली आणि खस्सकन ओढली. पट्टी कोरी निघाली, थराचा कणही सुटला नाही.

"ही," तो म्हणाला.

मला मागच्या मोकळ्या छपरीत नेले. जुना थर खरवडून निघाला तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या लाकडाला वारा लागला. मिस्त्रीण लांब, वारा जिकडून येत होता त्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती. पॉलिशवाल्याने स्प्रेगन उचलली तशी सुनेने हवा गाळणारा मास्क पुढे केला.

"आता कशाला? नाक तर गेलंच."

"छाती आहे ना अजून? वास कमी असला तरी तुषार आत जातातच," ती म्हणाली. त्याने मास्क चढवला.

मित्रांनो, त्यानंतरचे मी कसे सांगू? पांढरट धुके माझ्यावर उतरले. दवासारखे गार. पहिल्या हातानंतर माझे तंतू दाढीच्या खुंटासारखे उभे राहिले. पाण्याने ते व्हायचेच. त्याने बारीक काचकागदाने ते हळुवार घासून काढले आणि आणखी तीन पातळ हात दिले. दुधाळ थर वाळत गेला तसा नितळ होत गेला आणि खालच्या रेषा वर आल्या. झाडाची सारी वर्षे माझ्या अंगावर आहेत हे मला ठाऊकच नव्हते. कागदाहून पातळ असा तो पडदा, पण पाणी अडवणारा. आणि ज्यांचे श्वास नि नाक या कामाने हिरावले, त्याच दोघांनी तो शोधला होता. 

हात लावला तर तासाभरात कोरडे, पण पुरते कडक व्हायला तीन आठवडे लागतात, म्हणून कुणी घाई केली नाही. तोवर भिंतीची ओल काढून झाली. मग मी खोलीत आले, भिंतीपासून चार बोटे दूर. मिस्त्रिणीने दार उघडले, डोके आत घातले आणि खोल श्वास घेतला.  तिने नळीत फुंकले. आकडा तीनशे दहा.

"कसला वास येतोय?" पॉलिशवाल्याने विचारले.

"लाकडाचा. उन्हात तापलेल्या फळीवर पहिला रंधा मारला की येतो ना, तसा."

तोही पुढे आला. माझ्या फळ्यांमध्ये तोंड घालून त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"आला?" तिने विचारले.

"नाही," तो म्हणाला. "पण आठवला."

मित्रांनो, मला पुसाल तेव्हा मऊ ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. मी पुष्कळ वर्षे टिकेन. एवढी काळजी मला पुरते. पण एखादी वस्तू लखलखताना दिसली, तर ज्याने ती लखलखवली त्याच्याजवळ घटकाभर थांबा आणि विचारा, तुमचा श्वास बरा आहे ना?