बॉनेटभोवतीचे तिघे

आमच्या गावात गाडीचं बॉनेट उघडलं की पुरुष गोळा होतात. बोलवावं लागत नाही. एक जण हाताची घडी घालून आत बघत उभा राहिला की दुसरा येतो आणि तशीच घडी घालतो. तिसरा येतो तो बियर घेऊनच. अर्ध्या तासात इंजिनातल्या प्रत्येक नटबोल्टवर संशय घेऊन होतो. हात मात्र सहसा कुणी लावत नाही, कारण ज्याचा हात लागला त्याच्या माथी बिघाड बसतो.

माझा नवरा लिंडसे याच्या गाडीचं बॉनेट त्या वर्षी जूनपासून उघडं होतं आणि आता नोव्हेंबर लागला होता. गाडी म्हणजे तेवीस वर्षांची पांढरी स्टेशन वॅगन. गावातल्या गावात फिरवली तर गुणी पोरीसारखी चालायची. गावाबाहेरची धान्याची कोठारं आली की तिचा तापमानाचा काटा चढायचा, लाल रेघेला टेकायचा, पुढून वाफ निघायची आणि लिंडसे गाडी कडेला घेऊन म्हणायचा, "बघ, सांगत नव्हतो?" मग अर्धा तास माश्या मारत बसायचं आणि परत फिरायचं. पाच महिन्यांत मी त्या कोठारांच्या पलीकडे गेले नव्हते. आमच्या या वरिना गावात एक दुकान, एक पब, एक पेट्रोल पंप आहे. एवढ्यात माणूस जगतो, पण काय जगतो.

दुरुस्तीला तिघे होते. लिंडसे स्वतः, एकतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात काढलेला, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला विचारायची सोय नाही. दुसरा क्लाईव्ह, ज्याचा जन्म मेंढ्यांची लोकर कापण्यात गेला. तिसरा डार्सी, जो शाळेची बस चालवायचा, आणि दारू पिऊन चालवताना सापडेपर्यंत चालवत राहिला. असे हे उंटावरचे शहाणे.

सगळ्यात आधी क्लाईव्हनं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढायला लावला. आमच्याकडे हा रिवाजच आहे. गाडी तापली की थर्मोस्टॅट उपटायचा आणि कुंपणापलीकडे भिरकावायचा. तो थंड देशातल्या लोकांसाठी असतो, आपल्याला काय करायचाय, असं वर म्हणायचं. भिरकावला. काटा चढायचा तसा चढला. मग डार्सीनं रेडिएटरच्या झाकणाला दोष दिला, म्हणून नवं झाकण आलं. मग पट्टा बदलला, मग पंखा. ऑगस्टमध्ये पाण्याचा पंप बदलला, त्याला चार शनिवार लागले, आणि शेवटी दोन बोल्ट हातात उरले. डार्सी म्हणाला, कंपनी दोन जास्तीचेच देते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण म्हणी कळायला जेवढी अक्कल लागते तेवढीही त्या तिघांत मिळून नव्हती.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. घरात बसून सगळं जग मला दुधाच्या पातेल्यातून बघितल्यासारखं दिसायचं. गाडीचं लायसन मी स्वतःहून परत केलं होतं. वाचन सुटलं होतं, शेगडीची आच मी आवाजावरून ओळखत होते, आणि मार्चमध्ये मागच्या पायऱ्यांवरून पडून मनगट मोडून घेतलं होतं. चौदा महिने वाट बघितल्यावर ऑक्टोबरात पत्र आलं. मंगळवारी सकाळी साडेआठ, पोर्ट ऑगस्टा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. लिंडसेनं ते मला वाचून दाखवलं. खाली लिहिलं होतं की दिलेल्या वेळी आला नाहीत तर नाव यादीच्या शेवटी जाईल. म्हणजे आणखी चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत त्या पायऱ्या मला पुन्हा सोडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वरिनाहून पोर्ट ऑगस्टा एकशे तीस किलोमीटर. बस गुरुवारी जाते. म्हाताऱ्यांना नेणारी सेवाभावी गाडी महिनाअखेरीपर्यंत भरलेली. मी लिंडसेला म्हटलं, शेजारच्या गावात रोवेना आहे, चांगली मेकॅनिक आहे, तिच्याकडे टाक गाडी. तर म्हणे, माझ्या गाडीला परका हात लागायचा नाही. परका म्हणजे बाईचा, हे त्यानं गिळलं. मग म्हटलं, क्लाईव्हला सांग, त्याची गाडी धडधाकट आहे. तर म्हणे, क्लाईव्हची पाठ धरलीय, त्याला एवढा वेळ बसवत नाही. क्लाईव्ह तिथंच बॉनेटपाशी उभा होता. त्यानं लगेच कमरेवर हात ठेवला आणि कण्हल्यासारखं केलं. नाटकात घेतला असता तर पहिल्याच दिवशी हाकलला असता.

अकरा दिवस उरले तसे तिघे रोज संध्याकाळी जमायला लागले. नवे रबरी पाइप बसवले. मी रोज विचारायची, आणि रोज मला जवळजवळ झालंच असं उत्तर मिळायचं. एवढं सगळं बदलून झालं, पण खुद्द रेडिएटरचं नाव कुणी काढेना. तेव्हा मला वाटलं, मूर्ख आहेत, दुसरं काय.

रविवारी लिंडसे दुकानातून दूध घेऊन आला, गाडी शेडमध्ये लावली आणि क्रिकेट बघायला मैदानावर गेला. मी शेडमध्ये गेले. डोळे गेले म्हणून हात गेले नव्हते. माझे वडील ट्रक चालवायचे, आणि काट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवावा हे मी सहा वर्षांची असल्यापासून ऐकलंय. पंखा थांबलाय याची खात्री करून मी वरच्या पाइपला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं, इतका तो तापलेला. रेडिएटरचा वरचा काठ तसाच. मग हात हळूहळू खाली नेला. अर्ध्यावर कोमट. तळाशी गार, सावलीतल्या दगडासारखा गार. वरून आलेलं गरम पाणी खाली उतरतच नव्हतं. आत नळ्या तुंबल्या होत्या. पाच महिने, पाच सुटे भाग, आणि निदानाला लागली तीन मिनिटं, तीही आंधळ्या बाईला.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं, म्हणून सोमवारी सकाळी, सगळं थंड असताना, मी ते उघडलं. बोट आत घातलं. केटलीच्या तळाला बसतो तसा खरखरीत थर हाताला लागला. बोट जिभेला लावलं तर खारट, आणि मागाहून लोखंडाची चव. बोअरचं पाणी.

आमच्याकडे प्रत्येक घरात दोन पाणी असतात. छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी पिण्याला आणि रेडिएटरला, बोअरचं पाणी संडासाला आणि हिरवळीला. बोअरचं पाणी इंजिनात घातलं की ते आत मीठ आणि चुना सोडतं आणि नळ्या बुजवतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि लिंडसेला तर सगळ्यांत जास्त. त्याच्या सख्ख्या भावानं एकदा घाईत त्याच्या गाडीत बोअरचं पाणी ओतलं, तर दोन नाताळ लिंडसे त्याच्याशी बोलला नव्हता. शेडच्या दाराशीच पावसाच्या टाकीचा नळ आहे. बोअरचा नळ पार अंगणाच्या टोकाला. तिथून बादली उचलून आणायची म्हणजे चूक नव्हे, कष्ट आहेत.

खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांनी हातात पुरावा आला होता. मी दुपारभर मनात वाक्यं जुळवत बसले.

पाच वाजता तिघे जमले. बॉनेट उघडलं गेलं, हातांच्या घड्या पडल्या. मी बाहेर गेले.

"रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कुणी घातलं?" मी विचारलं.

डार्सी बाटलीवरचा कागद नखानं सोलायला लागला. क्लाईव्ह खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला लागला, आणि त्या वाकण्यात पाठीचं दुखणं कुठं दिसलं नाही.

"चुकून गेलं असेल," लिंडसे म्हणाला.

"पाच महिने चुकून?"

त्यानं फडक्याला हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि घरात गेला. जाळीचं दार त्याच्यामागे आपटलं.

मी बाकीच्या दोघांकडे वळले. डार्सी म्हणाला, त्यानं सांगायला हवं होतं. क्लाईव्ह म्हणाला, आता काय उपयोग. मी तिथली बादली उचलली आणि म्हटलं, मला कुणीतरी आत्ता सांगा, नाहीतर ही बादली तुमच्या डोक्यात घालीन. मग क्लाईव्ह बोलला.

"जूनमध्ये मी आणि लिंडसे पोर्ट ऑगस्टाहून येत होतो बघ. समोरून तो एकामागे एक तीन डबे जोडलेला लांब ट्रक आला. आणि याचे हातच हलेनात, ग्लेनिस. गाडी पांढऱ्या रेघेवरून पलीकडे जायला लागली. मी स्टिअरिंग ओढलं आणि आम्ही झुडपांत घुसलो. हा तासभर तसाच बसून होता, स्टिअरिंग धरून. बोटं मी सोडवली त्याची."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणाला."

म्हणजे त्या दोघांना पहिल्यापासून माहीत होतं. थर्मोस्टॅट, झाकण, पट्टा, पंखा, पंप, पाइप, हे सगळं त्यांनी जाणूनबुजून केलं होतं. बॉनेट उघडं आहे तोवर लिंडसेला कुणी लांब जायला सांगणार नाही, म्हणून ते दोघं रोज येऊन ते उघडं ठेवत होते. तीन घोडे, एक वाक्य तोंडातून निघू नये म्हणून चार शनिवार पाण्याचा पंप बदलत बसले होते. आणि इकडे माझा डोळा चाललेला. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. शेजारच्या घरात ऐकू गेलं, असं नंतर कळलं. दोघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"उद्या सहाला येतो माझी गाडी घेऊन," माझं संपल्यावर क्लाईव्ह म्हणाला.

"आणि पाठ?"

"पाठीला काही झालेलं नाही गं."

जेवताना मी लिंडसेलाही सोडलं नाही. एकतीस वर्षं रेल्वेची इंजिनं सांभाळली म्हणे आणि ट्रक बघून हातपाय गळाले, असं मी म्हणाले. उद्या मेंढरू समोर आलं तर काय करशील, हेही विचारलं. तो ताटातल्या मटणाचे बारीक बारीक तुकडे करत राहिला. सगळे तुकडे करून झाल्यावर त्यानं त्यातले दोन खाल्ले आणि उठला.

सकाळी सहाला क्लाईव्ह आला. लिंडसेनं यायची काही गरज नव्हती, आणि येईल असं मला वाटलंही नव्हतं. पण तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता. पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघे बसलो, तो मध्ये. कोठारं मागे गेली. उजाडताना समोरून एक लांबलचक ट्रक आला. मला त्याचे दिवे नुसते पसरलेले दिसले. लिंडसेचा गुडघा माझ्या गुडघ्यावर दाबला गेला आणि ट्रक जाऊन बराच वेळ झाला तरी तसाच दाबलेला राहिला. मी बोलले नाही. तेवढं मला जमलं.

साडेआठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात पोचलो. फॉर्म भरून घ्यायला एक मुलगी आली, वीस-बावीसची असेल आवाजावरून. नाव, जन्मतारीख, कुठल्या औषधाचा त्रास होतो का, सगळं विचारलं. मग विचारलं, "घरी जाताना गाडी कोण चालवणार?"

मी तोंड उघडायच्या आत लिंडसेनं उत्तर दिलं.

"मी नाही. मला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटते. जूनपासून. बाहेर आमचा क्लाईव्ह थांबलाय, तो चालवेल."

मुलगी बरं म्हणाली. तिनं क्लाईव्हचं नाव लिहून घेतलं, त्याचा फोन नंबर विचारला, माझ्या डोळ्यांत थेंब टाकले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

आम्ही दोघं भिंतीशी बसून राहिलो. थेंबांनी होतं नव्हतं तेही दिसेनासं झालं. मला राग आला होता, पण कालच्यासारखा तो तोंडातून बाहेर पडेना.

"त्या पोरीचं नावही तुला माहीत नाही," मी म्हटलं. "तिला एका दमात सांगितलंस. चौतीस वर्षं मी तुझ्या घरात आहे. मला का नाही?"

मला वाटलं, उठून जाईल.

"ती मला हसणार नव्हती," लिंडसे म्हणाला.

मी काहीतरी म्हणायला गेले. मला कालचं ते मेंढरू आठवलं. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं, आणि मला दार दिसत नव्हतं म्हणून त्यानं माझा हात धरला.