सूज उतरेपर्यंत

"श्वास सोड," आईने सांगितलं आणि पट्ट्याचं टोक दोन्ही हातांनी ओढलं.

लेक पलंगाच्या कडेला, कमरेत वाकून उभी होती. ताठ उभं राहिलं की टाके ओढले जायचे. सकाळी हाच पट्टा मुकाट्याने पोटाभोवती बसला होता, आता संध्याकाळी त्याची दोन टोकं एकमेकांना भेटायचं नाव घेत नव्हती. आईने जमिनीवर गुडघा टेकवून पुन्हा जोर लावला, कसंबसं टोक चिकटवलं आणि तिथेच बसून खोकायला लागली. खोकताना तिने तळवा स्वतःच्या पोटावर दाबून धरला होता. खोकला आला की पोटाला असा आधार द्यायचा, हे नर्सने लेकीला शिकवलं होतं. आईने तो धडा स्वतःलाही लावून घेतलेला दिसत होता. लेकीला हसू आलं. पण हसलं की दुखायचं, म्हणून तिने ते आवरतं घेतलं.

"सकाळपेक्षा जास्त सुजलंय गं," आई म्हणाली. "हर्नियाला एवढी सूज येते?"

"येते," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली.

हर्निया ही तिच्या नवऱ्याची कल्पना. जुळ्या मुलींच्या बाळंतपणानंतर तिच्या पोटाची कातडी जी लोंबली, ती काही केल्या वर गेली नाही. व्यायाम झाला, खाणं निम्म्यावर आणून झालं, तेलं चोळून झाली. कपड्यांच्या दुकानात तिचं काम ट्रायल रूमपाशी. दिवसभर बायकांना आरशासमोर उभं करायचं आणि "छान दिसतंय तुम्हाला" म्हणायचं. त्या बायकांच्या मागे, त्याच आरशात, तिला स्वतःचं पोट दिसायचं. शेवटी एका प्लास्टिक सर्जनने जास्तीची कातडी काढून टाकली, आतले स्नायू शिवून आवळले आणि बेंबी नव्या जागी बसवून दिली.

पण लोकांना सांगायचं काय? पोट सपाट दिसावं म्हणून चांगलं धडधाकट पोट कापून घेतलं, हे सांगायची तिची छाती होत नव्हती. नवरा म्हणाला, हर्निया सांग. पोटाचंच ऑपरेशन, पोटालाच पट्टा, वजन उचलायला बंदी, सगळं चपखल बसतं. शिवाय हर्निया म्हटल्यावर कोणी खोलात शिरत नाही.

खोलात शिरत नाही कसलं! प्रत्येकाच्या घरात एकेक हर्निया निघाला. शेजारणीच्या दिराला दोनदा झाला होता. नवऱ्याच्या आत्याने फोनवर तासभर काय खावं आणि काय खाऊ नये याचा पाढा वाचला. दुकानाच्या मालकांनी आपला डाव्या बाजूला होता असं मोठ्या आपुलकीने सांगून, तुमचा कुठे, अशी चौकशी केली. सगळ्यांना तिने मधोमध सांगितलं आणि वेळ मारून नेली. आईनेही फोनवर तेवढंच विचारलं होतं, कुठे झालाय म्हणून. मधोमध, हे उत्तर ऐकून आई गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर झाली.

तेव्हापासून घर आईच्या अंगावर होतं. आईने उभा जन्म एका हॉटेलच्या लाँड्रीत काढला होता. मशीनमधून ओल्या चादरी उपसायच्या, ट्रॉलीत टाकायच्या, पुन्हा उपसायच्या. बसून राहणं तिला माहीत नव्हतं. जुळ्यांना दोन्ही कडेवर घेऊन ती जिना चढायची, उतरायची. बादल्या उचलायची. आणि ही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मागे कललेल्या खुर्चीत गुडघ्यांखाली उशा घेऊन पडलेली. पाण्याचा पेला हातभर लांब असला तरी हाक मारावी लागायची. मुली खुर्चीशी येऊन वर हात करायच्या आणि तिला नाही म्हणावं लागायचं. एवढ्याशा पोरींना हर्निया काय आणि दुसरं काय, आई घेत नाही एवढंच कळायचं. त्या आता तिच्याकडे यायच्याच बंद झाल्या होत्या, थेट आजीकडे जायच्या. हे तिला फार लागलं होतं.

जखमेची पट्टी नवरा बदलायचा, खोलीचं दार लावून. आईसमोर ती कायम लांब बनियनवर पट्टा बांधून घ्यायची. दार लावलं की आधी आरशासमोर उभी राहायची. सपाट पोटाचा पत्ता नव्हता. बेंबीच्या खाली पिठाच्या गोळ्यासारखी सूज होती आणि तिथे बोट लावलं तर बोट लागल्याचं कळतही नव्हतं, इतकं बधिर. जांघा सुजल्या होत्या. ऑपरेशनआधी निदान बसणारी पँट आता मांड्यांवरच अडत होती. तपासणीला गेली तेव्हा तिने आई बाहेर बसल्याची खात्री करून डॉक्टरांना हळूच विचारलं, हे असंच राहणार का? डॉक्टर म्हणाले, सूज आहे, उतरेल, काही महिने लागतात. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की पुढे विचारायचा तिला धीर झाला नाही. परतताना तिला वाटत होतं, आपण स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं केलं. रडावं म्हटलं तर रडतानाही पोट हलायचं.

मग एका दुपारी जुळ्या पाळणाघरात होत्या. आई न्हाणीघरातून धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आली. खोलीच्या मध्यावर तिने टोपली जवळजवळ टाकलीच आणि पलंगाची कड धरून खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही हात पोटावर.

"आई? काय होतंय?"

आईने मान हलवली, पण बोलली नाही. ही खुर्चीतून उठायला लागली. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार द्यायचा, मग पाय खाली सोडायचे, असं शिकवलेलं होतं. घाईत ते सगळं चुकलं. ओटीपोटात असा जाळ उठला की ती पुन्हा खुर्चीत कोसळली. चार पावलांवर आई कण्हत होती आणि हिला तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. तिने फोन शोधला, तो स्वयंपाकघरात होता. तिने शेजारणीला हाक मारली, पण आवाजात जोरच नव्हता. जोरही पोटातूनच येतो.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. ती हळूहळू पलंगावर आडवी झाली होती. पाय दुमडून, डोळे मिटून ती पोटावर बोटांनी काहीतरी दाबत होती. "जाईल. आत ढकलली की जाते."

"काय आत ढकलली की जाते?"

थोड्या वेळाने आईचा कोंडलेला श्वास सुटला. ती उठून बसली आणि खुर्चीशी आली. काही न बोलता तिने अंगातला कपडा वर केला. आत एक जुनं फडकं पोटाभोवती घट्ट गुंडाळलेलं होतं. ते तिने सोडलं. बेंबीच्या वरच्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती. आईने उभ्या उभ्या खोकून दाखवलं, तशी ती बाहेर आली.

"लाँड्रीत होते तेव्हापासूनची आहे," आई म्हणाली. "आधी बोराएवढी होती."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय? कापायचं म्हणाले असते. मला कापून घ्यायची भीती वाटते, तुला माहीतच आहे." आईने स्टूल ओढलं आणि तिच्या गुडघ्याशी बसली. "पण तू केलंस. तू सांगितलंस ना फोनवर, तेव्हाच मी ठरवलं. आधी हिला बघायचं. ही उठून हिंडायला लागली की आपणही जायचं. याच डॉक्टरांकडे." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "दुखतं का गं फार? मला खरं सांग."

तिने बनियनचं टोक खाली ओढलं.

"नाही," ती म्हणाली. "फारसं नाही."

"मग दाखव मला. केवढं कापलंय ते बघू दे."

नको म्हणायला काही कारण सुचेना. आईने पट्टा सोडला, बनियन वर केली, आणि लेक खुर्चीच्या हातांवरची आपली बोटं बघत राहिली. आईने पट्टीचा कोपरा उचलला. मग आणखी उचलला. व्रण कमरेच्या एका बाजूपासून सुरू होऊन दुसऱ्या बाजूपर्यंत गेला होता, लालभडक, कडांना सुजलेला. वर बेंबीभोवती टाक्यांचं वेगळं कडं. आईची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग पट्टी होती तशी नीट लावली, बनियन खाली ओढली आणि स्टूल मागे सरकवलं.

"एवढ्याशा गाठीला एवढं कापतात?"

"आई..."

"नको बाई. आहे ती बरी आहे. इतकी वर्षं गेली, पुढचीही जातील." आई फडकं पुन्हा गुंडाळायला लागली. घाईत फडक्याची गाठ तिला नीट मारता येत नव्हती.

उठून ते फडकं आईच्या हातातून काढून घ्यावं, असं लेकीला वाटलं. पण उठताच येत नव्हतं. आईला थांबवायला तिच्यापाशी एकच गोष्ट होती. ती जर आत्ता सांगितली नाही, तर आई हे फडकं बांधून बादल्या उचलत राहील आणि एक दिवस ती गाठ आत जाणार नाही.

"तुझं एवढं कापणार नाहीत," ती म्हणाली. "अगदी लहान छेद असतो. माझा हर्निया नव्हताच."

आईचे हात थांबले.

मग तिने सगळं सांगितलं. कातडी, आरसा, नवऱ्याने सुचवलेलं नाव, सगळं. सांगताना ती आईकडे बघत नव्हती. बोलणी बसतील, कपाळावर हात मारला जाईल, निदान एक लांब सुस्कारा तरी, असं धरून ती बसली होती. काहीच आलं नाही, तेव्हा तिने वर पाहिलं. आई रडत होती.

"म्हणजे तुला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"पोट चांगलं होतं तुझं?"

"चांगलं होतं."

आईचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि चक्क हसली. "मधोमध म्हणालीस ना तू, तेव्हापासून मला झोप नाही. म्हटलं, माझंच लागलं हे पोरीला. मी सांगितलं नाही, लपवलं, म्हणून तिच्या वेळेला कळलं नाही. रोज वाटायचं तुझे पाय धरावेत."

लेक हादरलीच. रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं, पण हे कुठे ठेवावं ते तिला कळेना. आई सगळी कामं धावून धावून का करत होती, ते आता कळलं. ती माफ कर म्हणाली, पण आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कसला तरी विचार करत होती.

"मग हर्नियाचं दुखतं का," आई म्हणाली, "हे तुला ठाऊकच नाही."

"नाही, आई."

"मला वाटलं होतं, तुला विचारता येईल."

खाली रस्त्यावर पाळणाघराची गाडी थांबल्याचा आवाज आला. आईने अंगातला कपडा सारखा केला आणि दाराकडे निघाली.

"बरं," ती जाता जाता म्हणाली. "माझं झालं की मीच सांगेन तुला."

हे तिने अगदी सहज सांगितलं, पण जिना उतरेपर्यंत तिचा हात पोटावरून निघाला नाही.